लेकरांच्या चालीने

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. थोरला नऊ वर्षांचा, मधली पाचाची, धाकटा दहा महिन्यांचा. नवऱ्याच्या बदलीमुळे तुम्ही अशा शहरात आलात जिथे आपल्या बेने इस्राएल ज्यू समाजाचं दुसरं घर नाही, सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनागृह, तर नाहीच. लग्नाआधी तू रोज सिद्दूर, आपलं प्रार्थनेचं पुस्तक, उघडून प्रार्थना म्हणायचीस, आता महिनोन्महिने त्याला हात लागत नाही. मुलं वाढवणं हीच ज्यू माणसाची साधना, असं कुठेतरी वाचलंस आणि तुला वाटलं की दमलेल्या आयांची समजूत काढायला हे कोणीतरी रचलं असावं. त्यात थोरला विचारतो, "आपणच का वेगळे?"

तुला 'तू' म्हणते, माझी लेक तुझ्याच वयाची आहे. ठाण्यात आमच्या समाजातल्या मुलांना रविवारी सकाळी हिब्रू अक्षरं आणि प्रार्थना शिकवण्यात माझी तीसेक वर्षं गेली. तीन मुलं वाढवली, आता नातवंडं अंगाखांद्यावर आहेत. तेव्हा जे सांगते त्यातलं निम्मं धर्मग्रंथांतलं आणि निम्मं स्वयंपाकघरातलं.

ती समजूत नाही, आज्ञा आहे. शेमा, आपली श्रद्धेची मूळ प्रार्थना, तुला झोपेतसुद्धा पाठ आहे. "ऐक, हे इस्राएला" याच्या पुढच्या ओळी एकदा सावकाश वाच. तोरा, म्हणजे आपली मोशेची पाच पुस्तकं, त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात त्या आहेत. हे शब्द मुलांना कधी सांगायचे? घरात बसलेली असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. त्यात सिनेगॉगचा उल्लेख नाही, सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांच्या मिन्यानचा नाही, पुस्तकाचाही नाही. या चारही वेळा आईच्या दिवसातल्या आहेत. भरवायला बसतेस, शाळेच्या बसपर्यंत चालत सोडतेस, थोपटून निजवतेस, हाका मारून उठवतेस. तुझ्याकडे वेगळा वेळ उरत नाही म्हणून तू रडतेस, पण वेगळा वेळ तर तिथे कोणी मागितलेलाच नाही.

मात्र त्याच ओळीच्या आधी एक ओळ आहे आणि ती आपण घाईत ओलांडून जातो. "हे शब्द तुझ्या हृदयावर असोत." मुलांची पाळी त्यानंतर येते. आणि मुलांना शिकवण्यासाठी तिथे जो शब्द आहे, 'वेशिनन्ताम', त्याच्या मुळाशी धार लावण्याचा अर्थ आहे. सुरी दगडावर घासून धार लावतात तसं घासत राहायचं, पुन्हा पुन्हा. मी हे शिकवताना मुलांना पाटीवर सुरी काढून दाखवायची. स्वतः आई झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की धार लावताना सुरीबरोबर दगडही झिजतो. मुलं वाढवणं साधना का, तर त्यात आपण झिजतो, आणि कशासाठी झिजायचं ते आपल्या हातात राहतं. नुसती माया केली की साधना झाली असं मी म्हणणार नाही. माया तर मांजरीलाही असते.

आता "आमच्या गावात दुसरं घर नाही" याबद्दल. तुझे खापरपणजोबा कुठे राहत होते, विचार कर. कथा सांगते की नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि सोबतची पोथ्यापुस्तकं समुद्राने नेली. कथेचा काळ कोणता ते बाजूला ठेव. एवढं खरं की आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या रायगडच्या गावागावांत विखरून राहिली, पेणला, रोह्याला, चौलला, झिराडला, आणि त्या गावांची नावं आडनावं म्हणून अजून लावतात. कितीतरी गावांत एक नाहीतर दोन घरं. हिब्रू विसरली होती. मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग उभं राहिलं 1796 साली. त्याआधीची शेकडो वर्षं रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नव्हता, शाळा नव्हती. उरलं काय होतं? शेमाची ओळ, मुलाची सुंता, खाण्यातली बंधनं, काही सण-उपास आणि शनिवारचा विसावा, शब्बाथ. तेलाचा घाणा शनिवारी चालत नसे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे.

मी नेहमी कल्पना करते की सहा-सात वर्षांचं एक पोर शनिवारी सकाळी उठतं. शेजारपाजारची कामं चालू आहेत आणि आपला बैल मात्र गोठ्यात उभा आहे. ते आईला विचारतं, "आज घाणा का नाही?" आईला वाचता येत नाही. ती तिला येतं तेवढं सांगते. असं उत्तर प्रत्येक पिढीत कोणीतरी दिलं, म्हणून आज तू आणि मी यावर बोलतो आहोत. दिलेली उत्तरं सगळी अचूक होती असं नाही. पण प्रश्न रिकामा परतला नाही.

प्रार्थना सुटल्याची टोचणी तुला आहे ती खरी आहे, तिला खोटी ठरवणार नाही. तरी दोन गोष्टी सांगते. मिश्नामध्ये, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात, किद्दुशीन या भागाच्या पहिल्या अध्यायात, ठरल्या वेळीच करायच्या बहुतेक आज्ञांतून बायकांना मोकळं ठेवलं आहे. का, यावर विद्वानांनी बरीच चर्चा केली आणि सगळीच कारणं मला पटत नाहीत. पण एक नियम तल्मूदात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथात, निर्विवाद आहे: जो एक आज्ञा पाळण्यात गुंतला आहे तो त्या वेळी दुसरीतून मोकळा. ताप आलेलं मूल मांडीवर असताना तू प्रार्थना चुकवत नसतेस. दुसरी गोष्ट आपल्या धर्मग्रंथातल्या हन्नाची. मूल हवं म्हणून ती देवळात रडत होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता. एली याजकाला वाटलं ही प्यायलेली आहे. आणि पुढे रब्बींनी प्रार्थना कशी करावी याचे नियम कोणाकडून घेतले? याच बाईकडून. ओठ हलवून हळू आवाजात म्हणायची आपली मुख्य प्रार्थना तिच्यापासून शिकलेली आहे. हिब्रूत 'अवोदा' म्हणजे कष्टाचं काम, आणि 'अवोदा' म्हणजेच देवाची उपासना. शब्द एकच आहे.

म्हणून सिद्दूर पूर्ण व्हायची वाट पाहू नकोस. सकाळी डोळे उघडल्यावर 'मोदे आनी' म्हणजे एक वाक्य, जीव परत दिलास म्हणून आभार. बाई 'मोदा आनी' म्हणते. दहा महिन्यांच्या बाळाने तुला पाचला उठवलं तर पाचला म्हण, त्याला उचलता उचलता. आणि मधलीला शौचाहून आल्यावर हात धुववतेस ना, तिथे 'अशेर यात्सार' शिकव. लोकांना हसू येतं, पण आपल्याकडे त्यासाठीही आशीर्वाद आहे: ज्याने माणसाला शहाणपणाने घडवलं, शरीरात छिद्रं आणि पोकळ्या केल्या, त्यातलं एक उघडायचं ते बंद राहिलं किंवा बंद राहायचं ते उघडलं तर आम्ही तुझ्यापुढे उभे राहू शकणार नाही. माझ्या धाकट्याचं लहानपणी चार चार दिवस पोट साफ होत नसे. एरंडेल, कोमट पाणी, मांडीवर घेऊन पोट चोळणं, सगळं करून झाल्यावर एकदाचं मोकळं झालं की मी त्या न्हाणीघराच्या दाराशी उभी राहून ते शब्द म्हणायची. इतक्या मनापासून मी योम किप्पूरला, प्रायश्चित्ताच्या दिवशीसुद्धा कधी म्हटले नसतील.

शुक्रवारवर मात्र मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बाकी सगळं सुटलं तरी हे सोडू नये असं माझं ठाम मत आहे.

शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो, म्हणून दिवे सूर्यास्ताच्या आधी अठरा मिनिटं. तुझ्या शहरातला सूर्यास्त मोबाईलवर दिसतो. दिवे लागले की मुलांच्या डोक्यावर हात ठेवायचा. मुलाला म्हणायचं, देव तुला एफ्राईम आणि मनश्शेसारखं करो. मुलीला सारा, रिबका, राहेल, लेआ यांच्यासारखं. मग याजकांचा आशीर्वाद, तोरातल्या 'गणना' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला: परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो. तीस सेकंदांचं काम. मुलगी म्हणून आमच्याकडे आईवडील दोघांनीही हात ठेवलेला मला आठवतो, तू एकटी असशील तर एकटीने ठेव.

आता बघ, अब्राहाम, इसहाक, याकोब सोडून योसेफाच्या मुलांची, याकोबाच्या या दोन नातवांची नावं का? परंपरा दोन कारणं सांगते आणि दोन्ही तुझ्या उपयोगाची आहेत. उत्पत्तीच्या पुस्तकात भावाभावांची भांडणं काही संपत नाहीत. काईनाने हाबेलला मारलं, एसाव याकोबाच्या जिवावर उठला, योसेफाला भावांनी विकलं. एफ्राईम धाकटा असून आजोबांनी त्याच्या डोक्यावर मानाचा उजवा हात ठेवला, तरी या दोघांत वैर झालेलं नाही. आणि दुसरं, ही दोघं मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, जन्मली, तिथेच वाढली. आजूबाजूला आपलं एकही घर नसताना याकोबाची नातवंडं राहिली. तुझ्या थोरल्याच्या डोक्यावर हात ठेवशील तेव्हा कोणाचं नाव घेते आहेस ते आता तुला कळेल.

शुक्रवारी संध्याकाळी माझ्या लेकीचे केस नुकतेच धुतलेले असायचे. हात ठेवला की तळव्याला ओल लागायची, खोबरेल आणि शिकेकाईचा वास यायचा. ती चुळबुळ करायची, धाकटा मध्ये डोकं घुसवायचा. आणि ज्या दिवशी तिला दुपारी ओरडलेली असे त्या दिवशी हात ठेवणं जड जायचं. तिची मान आखडलेली कळायची. रागावलेल्या हाताने आशीर्वाद देता येत नाही, त्यामुळे काहीतरी आधी सोडावं लागतं. आठवड्यातून एकदा मला हे सोडावंच लागे. साधना म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मला ती ओली मान आठवते.

माझी एक चूक सांगते. माझा थोरला आठ वर्षांचा होता. मे महिन्याची सुट्टी, मी त्याला शब्द दिला होता की रविवारी अलिबागला नेईन, लाँचमधून. रविवारी घरी पाहुणे आले, मी म्हटलं पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी दुसरं काही. असे चार रविवार गेले आणि शाळा सुरू झाली. जूनमध्ये एकदा मी त्याला विचारलं, दूध संपवलंस का? तो म्हणाला, "हो." पेला तसाच भरलेला होता. मी खोटं बोलतोस म्हणून त्याच्या पाठीत धपाटा घातला. त्याच आठवड्यात वर्गाची तयारी करताना तल्मूदाच्या सुक्का या भागात वाचलं: मुलाला काही देईन असं सांगून मग दिलं नाही, असं करू नका, कारण त्यातून तुम्ही त्याला खोटं बोलायला शिकवता. अंगावर काटा आला. पेल्यातलं दूध त्याचं होतं, खोटं माझं होतं.

श्रावण-भाद्रपद उलटून योम किप्पूर आला. तुला ठाऊक आहे, देवाविरुद्ध केलेल्या पापाची क्षमा त्या दिवशी होते, पण माणसाविरुद्ध केलेल्या पापाची होत नाही, त्या माणसाची माफी मागेपर्यंत. मिश्नातला सरळ नियम आहे. सिनेगॉगमध्ये आम्ही बायका एकमेकींचे हात हातात घेऊन ओठांना लावतो, हातबोशी करतो, वर्षभराचं माफ कर म्हणतो. त्या वर्षी मी उपासाच्या आदल्या दुपारी मुलाला समोर बसवलं आणि अलिबागचं आणि धपाट्याचं दोन्ही नावानिशी सांगून माफी मागितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मी पण दुधाचं खोटं बोललो होतो." आणि माझा हात ओढून ओठाला लावला, मोठी माणसं करतात तसा. तेव्हापासून दर वर्षी आमच्या घरात उपासाआधी आईवडील आधी मुलांची माफी मागतात. मोघम 'काही चुकलं असेल तर' असं नाही. काय चुकलं ते बोलायचं. काही जण म्हणाले, याने मुलं डोक्यावर बसतील. माझा अनुभव उलट आहे.

थोरल्याच्या प्रश्नाकडे येते. "आपणच का वेगळे?" तुला तो नकार वाटला. मला त्यात पेसाहच्या, मिसरमधून सुटकेच्या सणाच्या, रात्रीचा प्रश्न ऐकू येतो. 'ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का?' एवढं विचारून घ्यायला आपण पूर्ण सेदेर, त्या रात्रीचं विधीचं जेवण, मांडतो. तल्मूदात सांगितलं आहे की त्या संध्याकाळी मुलांना अक्रोड आणि भाजलेले दाणे वाटावेत, म्हणजे ती झोपणार नाहीत आणि विचारतील. हग्गादात, त्या रात्री वाचायच्या पुस्तकात, चार मुलगे आहेत: शहाणा, आडमुठा, साधाभोळा, आणि ज्याला विचारताही येत नाही तो. आडमुठाही मेजावर बसलेला आहे हे विसरू नकोस. आणि चौथ्यासाठी आज्ञा आहे, 'तू त्याला उघडून दे', सुरुवात तू कर. तुझा मुलगा तर स्वतःहून विचारतो आहे. 1874 साली पुण्यात मराठी हग्गादा छापली, त्यात साड्या नेसलेल्या बायका पेसाहच्या रोटीचं पीठ मळताना, लाटताना काढल्या आहेत. ते चित्र शोधून त्याला दाखव. वेगळं असणं आणि इथलं असणं त्या चित्रात एकाच बाईच्या अंगावर आहे.

त्याचा प्रश्न मला वाटतं डब्यातून आला असणार. मित्राच्या डब्यात कोळंबी असते, तो खात नाही. त्याला नुसतं 'आपल्यात चालत नाही' म्हणू नकोस. बाजारात घेऊन जा. बांगडा हातात दे, पर दाखव, नखाने खवला काढायला लाव. कोळंबी दाखव, खवले शोध म्हणावं. पर आणि खवले दोन्ही असतील तोच मासा आपला, हा नियम त्याच्या बोटांना कळू दे. मटणात आई नारळाचं दूध का घालते, गायीचं का नाही, तेही फोडणी देता देता सांग. आणि 'का' च्या शेवटी उत्तर संपलं तर प्रामाणिकपणे सांग की याच्यापुढे मलाही माहीत नाही, आपण पाळतो. माझ्या वर्गातल्या मुलांनी ज्या उत्तरावर सगळ्यात जास्त विश्वास ठेवला ते हेच उत्तर.

नवऱ्याला हे वाचायला दे. तल्मूदात बापाची कर्तव्यं मोजली आहेत: सुंता, पहिल्या मुलाची याजकाकडून सोडवणूक, तोरा शिकवणं, लग्न लावणं, धंदा शिकवणं. आणि कोणी म्हणतात, पोहायलाही शिकवावं. कारण दिलं आहे की त्याचा जीव त्यावर आहे. मला हे शेवटचं फार आवडतं. पोहायला शिकवताना एका क्षणी पोटाखालचा हात काढावा लागतो, मूल किंचाळत असतानाच. आमच्या यजमानांनी थोरल्याला विहिरीत शिकवलं तेव्हा मी काठावर तोंडाला पदर लावून उभी होते. हात काढणं जमेना ते मला, त्यांना जमलं. मुलगा स्वतः आज्ञांना बांधला जातो त्या बार मित्स्वाला, तेराव्या वर्षी, बाप म्हणतो, याच्या जबाबदारीतून मला मोकळं केलंस त्याचे आभार. ते शब्द कठोर वाटतात, पण ती तयारी विहिरीपासूनच सुरू झालेली असते.

तू शेवटी लिहिलंस की इतर कुटुंबं पुढे गेली, इस्राएलला लोदला, अश्दोदला जाऊन मुलं घडाघडा हिब्रू बोलतात, आणि तुझी अजून आलेफ-बेतवर अडली आहेत. याकोब बायकामुलांसह परत येतो तेव्हा एसाव त्याला म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब म्हणतो, तू पुढे हो, मुलं कोवळी आहेत, मी लेकरांच्या चालीने सावकाश येतो. चारशे माणसं घेऊन आलेल्या भावाला तो हे सांगतो. आठवड्याला एक अक्षर धरलंस तरी बावीस आठवड्यांत सगळी होतात.

तर या आठवड्यात एवढंच कर. गुरुवारी रात्री वाटीभर काळ्या मनुका धुऊन पाण्यात भिजत घाल. द्राक्षाची दारू तिथे मिळणार नाही आणि लागतही नाही, आपल्या घरांत किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरच्या आशीर्वादाला, मनुकांचं सरबतच असतं. शुक्रवारी दुपारी त्या कुस्करायच्या आणि पातळ फडक्यातून पिळून घ्यायच्या. पिळायचं काम मधलीला दे. हात कोपरापर्यंत चिकट होतील, फ्रॉकवर डाग पडेल, रागावू नकोस. पेला थोरल्याच्या हातात दे आणि किद्दुश तो वाचो, अडखळला तर मराठीत वाचो. धाकट्याच्या जिभेवर बोटाने एक थेंब लाव.